एका बॅटरीवर चार मशिनं: मकिता, बॉश की डीवॉल्ट?

मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटला किंवा पुण्यात बोहरी आळीत कॉर्डलेस (बॅटरीवर चालणारं मशिन) मागा, दुकानदार आधी ड्रिल हातात ठेवतो. ड्रिलवरून काहीच ठरत नाही. १८ व्होल्टमध्ये या तिघांपैकी कुणाचंही उचला, बिजागरीचे स्क्रू पिळताना फरक जाणवणार नाही. पण दोन बॅटऱ्या आणि चार्जर घरात आले की पुढची मशिनंही त्याच कंपनीची येतात, कारण नुसतं मशिन बरंच स्वस्त पडतं. म्हणून ड्रिलनंतर तुम्ही काय घेणार, हे आधी ठरवा.

खोक्यावरच्या आकड्यांना भुलू नका. १८ व्होल्ट, ‘२० व्होल्ट मॅक्स’ आणि २१ व्होल्ट म्हणजे एकच माल: आत ३.६ व्होल्टचे पाच सेल एकापुढे एक, पूर्ण चार्ज झाल्यावर प्रत्येकी ४.२ पर्यंत चढणारे. ‘४८ व्हीएफ’, ‘८८ व्हीएफ’ छापलेल्या बिननावी बॅटऱ्यांवरचा आकडा तर नुसता सजावटीचा. बघायचे ते एएच (अँपिअर-अवर), म्हणजे बॅटरीत किती चार्ज मावतो ते. २ एएचची बॅटरी म्हणजे ३६ वॉट-अवर. ड्रिलला भरपूर, चार इंची ग्राइंडर मात्र ती काही मिनिटांत पिऊन टाकतो. त्याला ४-५ एएचच हवी.

मकिताची एलएक्सटी मालिका २००५ पासून चालू आहे आणि पसारा अफाट आहे: रोटरी हॅमर (ठोकत काँक्रीटला होल पाडणारं ड्रिल), ब्रशकटर, चेनसॉ, रेडिओ, अगदी कॉफीचं यंत्रसुद्धा. (ते कोण घेतं, देव जाणे.) जास्त ताकद लागणारी काही मशिनं १८ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकदम लावून चालतात. खोच वेगळीच आहे. मकिताच्याच स्वस्त जी-मालिकेच्या ड्रिलवरही १८ व्होल्ट लिहिलेलं असतं, पण ती बॅटरी एलएक्सटीच्या मशिनात बसत नाही. ४० व्होल्टची एक्सजीटी हा तिसरा संसार. किट स्वस्तात मिळतंय असं वाटलं, तर ‘एलएक्सटी आहे ना?’ एवढं विचारूनच पैसे द्या. शिवाय बाजारातल्या नकली बॅटऱ्या सर्वांत जास्त मकिताच्याच साच्याच्या.

बॉशमध्ये निळा आणि हिरवा असे दोन वंश आहेत. निळा कारागिरांचा, हिरवा घरगुती. दोन्ही १८ व्होल्ट असले तरी बॅटरी एकमेकांत जात नाही. निळ्यातही १२ आणि १८ वेगवेगळे. १२ व्होल्टचं निळं ड्रिल मला फ्लॅटवाल्यांसाठी फार आवडतं: हलकं, कपाटाच्या आत हात घालून चालवता येतं. मात्र त्यावर पुढे ग्राइंडर, हॅमरचा संसार उभा करायला जाऊ नका. निळ्या १८ व्होल्टची जमेची बाजू म्हणजे २००८ पासूनची जुनी-नवी बॅटरी आणि मशिनं एकमेकांना चालतात. २०२२ पासून अँपशेअर नावाखाली फाइनसारख्या इतर कंपन्यांची मशिनंही याच बॅटरीवर येतात.

डीवॉल्टचा हुकमी एक्का म्हणजे फ्लेक्सव्होल्ट बॅटरी, २०१६ ची. ही बॅटरी मशिन ओळखून १८ किंवा ५४ व्होल्ट देते. त्यामुळे एकाच बॅटरीवर छोटं ड्रिलही चालतं आणि नऊ इंची ग्राइंडरही. उलटं होत नाही: साधी १८ व्होल्टची बॅटरी ५४ च्या मशिनाला चालत नाही. रोज जाड लोखंड कापायचं आणि साइटवर वीज नाही, अशांनी याचा विचार करावा. गाळ्यात वीज असेल तर ग्राइंडर वायरचाच बरा.

इंगकोची पी२०एस किंवा आयबेलची वन पॉवर यांचीही एका बॅटरीवर बरीच मशिनं मिळतात आणि खिशाला परवडतात. महिन्यातून दोनदा लागणाऱ्या घरगुती कामाला पुरे. रोजंदारीच्या कामाला मी घेणार नाही.

अमेरिकेहून कुणी आणणार असेल तर डीवॉल्टची तिकडची २० व्होल्ट मॅक्स बॅटरी इकडच्या १८ व्होल्ट मशिनाला बसते. ५ एएच म्हणजे ९० वॉट-अवर, विमानातल्या १०० च्या मर्यादेत. पण सुटी बॅटरी हातातल्या बॅगेतच ठेवायची. चार्जर मात्र तिकडून आणू नका. तो १२० व्होल्टचा, आपल्या २३० वर जळेल.

एका कंपनीची बॅटरी दुसरीच्या मशिनाला लावणारे अडॅप्टर सर्रास मिळतात. काही कंपन्यांत बॅटरी उतरली की करंट तोडायचं काम मशिन करतं. अडॅप्टर मध्ये आला की ही सोय जाते आणि सेल मरतात.

मी काय घेईन? इलेक्ट्रिशियन किंवा प्लंबर असतो तर निळा बॉश १८ किंवा एलएक्सटी, जवळ ज्याचं सर्व्हिस सेंटर असेल तो. पहिल्याच खरेदीत एसडीएस-प्लस (खाचांत बिट अडकवायची पद्धत) रोटरी हॅमर, कारण साध्या इम्पॅक्ट ड्रिलने स्लॅबला होल पाडताना हात दुखून येतात. शेतात, बागेत फांद्या छाटायच्या, गवत कापायचं असेल तर डोळे मिटून एलएक्सटी. आणि फ्लॅटमध्ये पडदे, फ्रेम, शेल्फ एवढंच असेल तर १२ व्होल्टचा बॉश. स्लॅबच्या होलासाठी वायरचं हॅमर दिवसाच्या भाड्याने आणायचं.