स्तनाच्या ऑपरेशननंतर रेंगाळणारं दुखणं: आधी काय ठरवायचं?

मावशीच्या स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनला चार वर्षं झाली. जखम केव्हाच भरली, पण दंडाच्या आतल्या बाजूला अजून आग होते. ब्लाउजची शिवण काखेत घासली तरी सहन होत नाही, म्हणून घरात ती ब्लाउज उलटा घालते. हे टाळता आलं असतं का, हे विचारायचं तेव्हा आमच्यापैकी कुणालाच सुचलं नाही. ज्यांचं ऑपरेशन अजून व्हायचं आहे, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

असं दुखणं दुर्मीळ नाही. डेन्मार्कमध्ये 2005-06 मध्ये ऑपरेशन झालेल्या सव्वातीन हजार बायकांना दोन-तीन वर्षांनी विचारलं, तेव्हा 47 टक्के जणींना दुखत होतं. तरुण वय, रेडिएशन आणि काखेतल्या सगळ्या लसिकाग्रंथी काढणं, या तिन्ही गोष्टींचा त्या दुखण्याशी संबंध दिसला.

म्हणून माझ्या मते पहिला प्रश्न भुलीचा नाही, काखेचा आहे. दंडाच्या आतल्या बाजूला संवेदना देणारी नस काखेतूनच जाते. सगळ्या ग्रंथी काढून काख पूर्ण साफ करताना ती ताणली जाते, कधी कापावीही लागते. सेंटिनल नोड बायोप्सीत रंग किंवा किरणोत्सारी द्रव्य टोचून आजार सगळ्यात आधी जिथे पोचतो त्या काही ग्रंथी तेवढ्या शोधून काढतात. त्यात नसेला धक्का कमी लागतो, हात सुजण्याचा धोकाही कमी. पण काखेत आजार पसरलेला असेल तर पूर्ण सफाई लागू शकते, आणि तेव्हा दुखण्याच्या भीतीने तिला नाही म्हणू नका. नस वाचवता येईल का, एवढं सर्जनना जरूर विचारा.

मग ब्लॉक. पूर्ण भुलीच्या जोडीला छातीच्या नसा बधिर करतात. पॅराव्हर्टेब्रल ब्लॉकमध्ये मणक्याशेजारी, नसा बाहेर पडतात तिथेच औषध देतात. पेक्स ब्लॉक सोनोग्राफीत बघून छातीच्या स्नायूंच्या थरांत देतात. पहिला जुना, जास्त अभ्यासलेला, पण सुई फुफ्फुसाच्या आवरणाजवळ जाते, त्यामुळे क्वचित छातीत हवा शिरू शकते. दुसरा उथळ आणि द्यायला सोपा. दोन्हींमुळे ऑपरेशननंतरचे पहिले तास बरेच सुसह्य होतात.

वर्षानंतरच्या दुखण्याचं मात्र तसं ठामपणे सांगता येत नाही. अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या 2018च्या कॉक्रेन आढाव्यात अशा ब्लॉकमुळे साधारण सात जणींमागे एकीचं लांबलेलं दुखणं टळतं असा हिशोब निघाला. पुढच्याच वर्षी दोन हजारांहून जास्त बायकांवरची आंतरराष्ट्रीय चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्यात सहा महिन्यांनी ब्लॉक दिलेल्या आणि न दिलेल्या दोन्ही गटांत निम्म्याहून थोड्या जास्त जणींना जखमेच्या जागी दुखत होतं, वर्षाने चौथाईहून थोड्या जास्त जणींना. ब्लॉकने फरक पडला नाही. तरी मी ब्लॉक घ्या असंच म्हणेन, पण पहिल्या काही तासांच्या आरामासाठी. पुढचा फायदा झालाच तर तो वरचा.

ऑपरेशनआधीपासून गॅबापेंटिन किंवा प्रीगॅबालिन, म्हणजे नसांच्या दुखण्यावरच्या गोळ्या, देण्याबद्दल मी फारशी उत्साही नाही. फायदा किरकोळ आणि चक्कर हमखास वाढते. वयस्क बाईला रात्री बाथरूमला जाताना तोल जाणं परवडत नाही.

मुंबईच्या टाटा मेमोरियलने पुढाकार घेतलेल्या, 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीबद्दलही नातेवाईक विचारतात. त्यात ऑपरेशनच्या काही मिनिटं आधी स्तनातल्या गाठीभोवती लिग्नोकेन हे बधिर करणारं औषध टोचलं होतं आणि आयुर्मानात फायदा दिसला. डॉक्टरांशी जरूर बोला, पण तो दुखणं टाळायचा उपाय समजू नका.

सगळ्यात दुर्लक्षित राहतो तो व्यायाम. खांद्याला त्रास होण्याचा धोका जास्त असलेल्या 392 बायकांवर ब्रिटनमध्ये चाचणी झाली. सात-दहा दिवसांनी फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली व्यायाम सुरू केलेल्या गटात वर्षाने हात चांगला चालत होता, दुखणंही कमी होतं. आमच्याकडे उलट झालं. टाके सुटतील म्हणून सगळ्यांनी मावशीला महिनाभर हात अंगाशी धरून बसवलं. फळीवरचा डबा ती अजून डाव्या हाताने काढते.

हे सगळं विचारायची जागा म्हणजे ऑपरेशनआधीची भूलतज्ज्ञांची तपासणी. आधीपासून कुठे दुखतं, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, मनात किती भीती आहे, तेही तिथेच सांगा. आमची ती तपासणी पाच मिनिटांत आटोपली. उपाशी कधीपासून राहायचं, एवढंच आम्ही विचारलं होतं.