अस्वल की झेलट? बार्बेरियन जिवंत ठेवायचा असेल तर

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून खेळायच्या भूमिका-खेळात बार्बेरियन, म्हणजे रागाच्या भरात लढणारा योद्धा, तिसऱ्या लेव्हलला पोचला की कुठला उपप्रकार घ्यायचा हा प्रश्न येतोच, आणि ज्याला विचाराल तो डोळे मिटून सांगतो, "अस्वल घे, मरणारच नाहीस." मीही ते ऐकून टोटेम वॉरियर हा उपप्रकार घेतला, त्यातल्या प्राण्यांपैकी अस्वल निवडलं आणि एक लांबलचक कॅम्पेन (अनेक सत्रं चालणारी कथा) खेळलो. त्यानंतरच्या कॅम्पेनला झेलट हा दुसरा उपप्रकार घेतला. दोन्हींचं बरंवाईट स्वतः भोगलंय, म्हणून लिहितो आहे. हे सगळं डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीबद्दल आहे आणि मुख्यतः २०१४च्या नियमांनुसार. २०२४च्या पुस्तकात जे बदललं त्याचा उल्लेख पुढे येईलच.

आधी अस्वलाचं मोठेपण मान्य करतो. रेज, म्हणजे बार्बेरियनचा लढाईतला संताप, चालू असताना सायकिक (मनावर होणारं) सोडून कुठलंही नुकसान अर्धं. आग, विष, वीज, आम्ल, काहीही येऊ दे. प्रौढ लाल ड्रॅगनच्या एका फुत्काराचं सरासरी नुकसान ६३ असतं. सेव्ह (बचावाचा फासा) फसला तरी अस्वलवाल्याला ३१ लागतात, जमला तर १५. शेजारचा विझार्ड कोळसा होऊन पडलेला असताना आपण कुऱ्हाड पेलून उभे असतो. हा आनंद खरा आहे, मी तो घेतलाय, आणि कुणी केवळ त्यासाठी अस्वल घेतलं तर मी त्याला अडवणार नाही.

पण वर्षभर खेळल्यावर एक गोष्ट लक्षात आली. आमच्या टेबलावर मला लागणारे बहुतेक घाव तलवारीचे, दातांचे, नाहीतर गदेचे होते, आणि ते तर साधा रेजही अर्धे करतो. त्यासाठी अस्वल लागत नाही. अस्वलाची स्वतःची कमाई म्हणजे आग, थंडी, विष वगैरेंतून वाचलेले पॉइंट. सत्र संपल्यावर आठवून पाहिलं तर बऱ्याच वेळा ती कमाई शून्य असायची. तुमचा डीएम (खेळ चालवणारा) ड्रॅगन आणि जादूगारांचा शौकीन असेल तर तुमचा हिशेब वेगळा निघेल, हे उघड आहे.

आता ज्या गोष्टीने माझं मत फिरवलं तिच्याकडे येतो.

माझा अस्वलवाला सातव्या लेव्हलला होता, ७५ हिट पॉइंट (किती नुकसान सोसेल तो आकडा), विज्डम (मनाचा पक्केपणा) १०. समोर एक पुजारी आणि दोन तलवारबाज. पहिल्याच टर्नला रेज लावला आणि एका तलवारबाजावर वार केला. पुजाऱ्याने माझ्यावर होल्ड पर्सन हा थिजवणारा मंत्र टाकला. डीसी, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर गाठायचा आकडा, १५ होता, मला सात पडले. मी जागच्या जागी थिजलो. मग ते दोघे तलवारबाज मला हातही न लावता माझ्या बाजूने निघून विझार्डकडे गेले. माझी टर्न आली. हलता येत नव्हतं. टर्नच्या शेवटी पुन्हा सेव्ह केला, पुन्हा फसला. आणि डीएम शांतपणे म्हणाला, "गेल्या टर्नपासून तू हल्ला केला नाहीस, तुला लागलंही नाही. रेज संपला."

नियम त्याच्या बाजूने होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण बघा काय झालं ते. रेज संपला त्या क्षणी अस्वलही गेलं, आणि थिजलेल्याला बोनस अॅक्शन (रेज लावायला लागणारी टर्नमधली जास्तीची कृती) नसते, म्हणजे दुसरा रेज लावायचीही सोय नाही. विझार्डला आडवं करून ते दोघे परत आले. थिजलेल्या माणसाला पाच फुटांवरून बसलेला प्रत्येक घाव क्रिटिकल (नुकसानाचे फासे दुप्पट) असतो आणि आता काहीच अर्धं होत नव्हतं. मी पडलो. पडल्यावरही जवळून मारलेला घाव क्रिटिकलच धरतात, आणि तसा एक घाव म्हणजे दोन डेथ सेव्ह (जगण्यामरण्याचे फासे, तीन फसले की मेलात) फसल्यासारखे. दोन घावांत मामला आटोपला. क्लेरिककडे (मंत्रांनी बरं करणाऱ्या साथीदाराकडे) रिव्हिव्हिफाय हा मेलेल्याला उठवणारा मंत्र तयार होता, पण त्याला लागणारा ३०० सोन्याच्या नाण्यांचा हिरा आमच्यापैकी कुणाकडेच नव्हता.

त्या लढाईत आग नव्हती, विष नव्हतं. अस्वल ज्या ज्या गोष्टींपासून वाचवतं त्यातली एकही माझ्यावर आली नाही. मागे वळून पाहिलं तेव्हा जाणवलं की आमच्या टेबलावर बार्बेरियन जेव्हा जेव्हा गोत्यात आला तेव्हा कारण बहुतेक हेच होतं: विज्डमचा सेव्ह फसला. कधी थिजला, कधी घाबरला, एकदा तर शत्रूच्या ताब्यात जाऊन आमच्याच रोगवर (चोरट्या साथीदारावर) कुऱ्हाड घेऊन धावला. स्ट्रेंग्थ आणि कॉन्स्टिट्यूशन या सेव्हमध्ये बार्बेरियन मुळातच पक्का असतो, डेक्स्टेरिटीच्या सेव्हला डेंजर सेन्स ही त्याची क्षमता मदत करते. विज्डमला त्याच्या बाजूने कुणी नसतं.

झेलटचं वजन माझ्या मनात वाढलं ते इथे. सहाव्या लेव्हलला त्याला फॅनॅटिकल फोकस मिळतो: रेज चालू असताना एखादा सेव्ह फसला तर तो परत टाकता येतो, दर रेजमागे एकदा. वाचताना हे किरकोळ वाटतं. पण विज्डम १० आणि डीसी १५ असेल तर एका फाशाला वाचण्याची शक्यता ३० टक्के. दुसरा फासा मिळाला की ती ५१ टक्के होते. तीनातला एक वाचायचा तिथे दोनातला एक वाचतो. आणि त्याच सहाव्या लेव्हलला टोटेमवाल्याला अस्वलाकडून काय मिळतं? दुप्पट ओझं वाहायची ताकद आणि ढकलणं, उचलणं, तोडणं यांत अॅडव्हांटेज (दोन फासे टाकून मोठा घ्यायचा). त्या जागी दुसरा प्राणी निवडता येतो, तरी विज्डमच्या सेव्हला हात देणारा त्यांत कुणीच नाही. जीव वाचवायच्या दृष्टीने ती लेव्हल मोकळीच जाते.

झेलटचं दुसरं बळ तिसऱ्या लेव्हलपासूनच असतं आणि ते त्या हिऱ्याशी संबंधित आहे. त्याला परत जिवंत करणाऱ्या मंत्राला साहित्यच लागत नाही. हिरा नाही म्हणून मेलेला राहिला असं त्याच्या बाबतीत होत नाही. अट एकच, पार्टीत तो मंत्र टाकणारा हवा, आणि क्लेरिकला रिव्हिव्हिफाय पाचव्या लेव्हलला मिळतो. ज्या पार्टीत क्लेरिकच नाही तिथे झेलटचा हा भाग कागदावरच राहतो. शिवाय डिव्हाइन फ्युरी: प्रत्येक टर्नमधला पहिला घाव एक सहा बाजूंचा फासा अधिक निम्मी लेव्हल इतकं जास्तीचं नुकसान करतो, तेही बोनस अॅक्शन न खर्चता. शत्रू एक राऊंड आधी पडला तर त्या राऊंडचे घाव लागतच नाहीत. मोजदाद केलेली नाही, पण झेलट खेळताना लढाया लवकर संपल्यासारख्या वाटायच्या.

चौदाव्या लेव्हलला शून्यावर येऊनही झेलट लढत राहतो ते तर सगळ्यांना माहीत असतं. त्यावर निर्णय घेऊ नका, तिथवर पोचणारी कॅम्पेन थोडी. पोचलात तर एकच सांगतो: रेज संपायच्या आत कुणाकडून तरी थोडंफार हीलिंग घ्या. तीन डेथ सेव्ह फसलेले असले आणि रेज संपताना तुम्ही शून्यावर असलात तर तिथेच मरता.

"रेझिलियंट फीट घेऊन विज्डम पक्कं कर की, अस्वलही राहील," असं मला एका मित्राने सांगितलं आणि ते चूक नाही. पण फीट, म्हणजे आकडे वाढवण्याऐवजी घ्यायचं खास कसब, घेतलं की एक पूर्ण वाढ खर्ची पडते, स्ट्रेंग्थ तितकी मागे राहते, आणि झेलटही ते फीट घेऊ शकतोच. बर्सर्कर या आणखी एका उपप्रकाराला सहाव्या लेव्हलला रेजमध्ये भीती आणि भुरळ दोन्हींपासून पूर्ण संरक्षण मिळतं, तोही विचार केला होता. थिजण्यावर त्याचा उपाय नाही, आणि जुन्या नियमांत फ्रेन्झी या त्याच्या बेभान रेजनंतरचा थकवा फार महाग पडतो.

२०२४च्या नियमांनी माझं मत उलट पक्कं केलं. त्यात रेज नुसत्या बोनस अॅक्शननेही लांबवता येतो, हा मोठा दिलासा. पण थिजल्याबरोबर, म्हणजे इनकपॅसिटेटेड होताच, रेज तिथल्या तिथे संपतो. घाव लागून टिकेल ही आशाही गेली. अस्वलाच्या अपवादांत सायकिकच्या जोडीला फोर्स, नेक्रॉटिक आणि रेडियंट हे नुकसानाचे प्रकारही आले. झेलटचा परत टाकलेला सेव्ह मात्र आता रेजच्या डॅमेज बोनसइतका वाढवून मिळतो, आणि स्वतःला बरं करायला त्याच्याकडे बारा बाजूंच्या फाशांचा साठाही आला.

दोन्हींपैकी काहीही घ्या, एक काम तिसऱ्या लेव्हलआधीच करा: क्लेरिकशी बोला. बाकीच्यांच्या बाबतीत "पडला की उचलू" हा हिशेब चालतो. बार्बेरियनच्या बाबतीत तो नुकसानीचा. बेशुद्ध पडला की रेज संपतो; उठवल्यावर नवा रेज लावायला बोनस अॅक्शन आणि दिवसाच्या कोट्यातला एक रेज जातो, आणि सहाव्या लेव्हललाही तो कोटा चारचाच असतो. उलट रेज चालू असताना दिलेले १२ पॉइंट तलवारीचे २४ पॉइंट झेलतात. म्हणजे आम्हाला पडायच्या आधी बरं करायचं असतं. आमच्या क्लेरिकला हे पटायला दोन सत्रं गेली, पण त्यानंतर मी क्वचितच पडलो. तसेच दोन-तीन जॅव्हलिन (फेकायचे भाले) जवळ ठेवा. ड्रॅगनला घाबरून पुढे जाता येत नसेल तरी फेकता येतं, आणि नेम चुकला तरी तो हल्लाच असतो, त्यामुळे रेज टिकतो.

अस्वल कुणी घ्यावं? कॅम्पेन पाचव्या लेव्हलच्या आसपास संपणार असेल तर नक्की घ्यावं, कारण तोवर झेलटकडे तो दुसरा फासा नसतोच. पार्टीत सहाव्या लेव्हलचा पॅलाडिन (पवित्र योद्धा) असेल आणि तुम्ही त्याच्या दहा फुटांत राहू शकत असाल तरी घ्या, त्याचा ऑरा (भोवतीचं संरक्षण) तुमचे सेव्ह सांभाळेल. आमच्या पार्टीत पॅलाडिन नव्हता. झेलट सातव्या लेव्हलला असताना असाच एका जादूगाराने होल्ड पर्सन टाकला, पहिल्या फाशाला चार पडले, परत टाकला तर सतरा. मी चालत जाऊन त्याच्यासमोर उभा राहिलो.