पडवीचे मोठे काचेचे दरवाजे: डोमल घेतले, एक पावसाळा काढला, आता सांगतो

दापोलीजवळ घर बांधलं, जांभ्याचं, पुढे कौलारू पडवी. हॉल आणि पडवीच्या मध्ये भिंत नको, काच हवी यावर घरात सगळ्यांचं एकमत (हे आमच्याकडे क्वचित होतं). ओपनिंग १२ फूट रुंद, साडेसात फूट उंच, म्हणजे ९० स्क्वेअर फूट. बजेट म्हणाल तर सगळं धरून लाखाच्या आत.

आर्किटेक्टने आधी फोल्डिंगवाले दाखवले, सगळे पल्ले घडी होऊन एका बाजूला जातात ते. फोटोत झकास, पण बिजागऱ्या आणि जॉइंट एवढे की कोकणातली झड आली की पाणी कुठून शिरेल सांगता येत नाही, आणि किंमत ऐकून विषय तिथेच संपला. मग राहिले तीन पर्याय. बारीक फ्रेमचं सिस्टीम अॅल्युमिनियम १८०० रुपये स्क्वेअर फूट, यूपीव्हीसी (म्हणजे कडक प्लास्टिकची फ्रेम) १०५०, आणि खेडच्या एका फॅब्रिकेटरचं डोमल सेक्शन (सरकत्या दरवाजांची अॅल्युमिनियमची फ्रेम) ७८०, ८ एमएम टफन (तापवून मजबूत केलेली) काच आणि जाळीचा पल्ला धरून. सगळ्यांवर १८ टक्के जीएसटी वेगळा, हे कोटेशनच्या तळाशी बारीक अक्षरात असतं तेवढं बघा.

यूपीव्हीसी वाईट नाही हं. खाऱ्या हवेत गंजायचा प्रश्नच नाही, बंद केलं की आवाज मस्त तुटतो. पण एवढ्या मोठ्या पल्ल्याला आतून स्टीलची पट्टी लागते, ती नीट जाडीची नसेल तर पल्ला मधे वाकतो, आणि फ्रेम इतकी जाड होते की समोरच्या पोफळी बघायला काच लावली आणि बघतोय प्लास्टिक असं होतं. बेडरूमच्या खिडक्यांना मी यूपीव्हीसीच घेतलं. पडवीला नाही.

आता खरी गंमत. एवढा मोठा दरवाजा सगळाच सरकायला हवा असं आपण धरून चालतो, पण १२ फूट उघडं करून आपण करणार काय? फॅब्रिकेटरनेच सुचवलं की दादा, ५ फूट फिक्स काच टाका आणि ७ फुटात दोन सरकते पल्ले घ्या. फिक्सचा रेट त्याने ५२० लावला कारण त्याला चाकं नाहीत, लॉक नाही, जाळी नाही. हिशेब असा, फिक्सचे १९,५०० आणि स्लायडिंगचे ४०,९५०, मिळून ६०,४५०, जीएसटी धरून ७१,३३१. सगळं सरकतं केलं असतं तर ८२,८३६ झाले असते. यूपीव्हीसी १,११,५१०. घरात एकालाही ती फिक्स बाजू खटकत नाही, उलट सोफा तिथेच लागला.

वाचलेले पैसे चाकांत घातले, आणि हे सगळ्यांनी करा. ८ एमएम काच म्हणजे एका स्क्वेअर मीटरला २० किलो. माझा एक पल्ला साडेतीन बाय साडेसात, म्हणजे नुसती काचच ४९ किलोच्या आसपास, वर फ्रेमचं वजन. एवढं वजन तो माणूस आधी साध्या नायलॉनच्या चाकांवर ठेवणार होता! शोरूममध्ये कोणताही दरवाजा बोटाने सरकतो, तिथे पल्ला छोटा असतो आणि ट्रॅकमध्ये वाळू नसते. स्टेनलेस बेअरिंगची, वजन लिहिलेली चाकं मागून घेतली, थोडे जास्त गेले, पण आज आमची आई एका हाताने पल्ला सरकवते.

काच टफनच घ्या, यात काटकसर नको. साध्या काचेपेक्षा चार-पाच पट मजबूत, आणि फुटलीच तर सुऱ्यासारखे तुकडे न होता दाणे होतात. कोपऱ्यात कंपनीचा शिक्का असतो, काच फ्रेममध्ये बसवायच्या आधी तो बघून घ्या. आणि टफन झाल्यावर काच कापता येत नाही, भोक पाडता येत नाही, त्यामुळे फायनल माप फरशी आणि उंबऱ्याचा ग्रॅनाइट बसल्यावरच द्यायचं, ड्रॉइंगवरून अजिबात नाही. डबल काच मी घेतली नाही. एसी नाही, दिवसभर दार उघडं, मग दोन काचांमधली हवा कोणाला उपयोगी? पश्चिमेचं ऊन पडवीचं छप्पर अडवतं.

जांभ्यात बांधणाऱ्यांसाठी एक गोष्ट. चिरा मऊ आणि सच्छिद्र, त्यात डायरेक्ट फास्टनर मारला तर काही दिवसांनी हलायला लागतो, आणि कड सरळ नसल्यामुळे फ्रेमच्या मागे कुठे अर्धा सेंटिमीटर तर कुठे दोन अशी फट राहते जी मग सिलिकॉनने बुजवत बसतात. आम्ही ओपनिंगच्या दोन्ही बाजूंना काँक्रीटची पट्टी ओतून घेतली, स्क्रू त्यात. स्क्रू स्टेनलेसचेच सांगा, समुद्राजवळ साधे स्क्रू पहिल्याच वर्षी लाल अश्रू ढाळतात.

पाण्याचं काय? उंबऱ्याला बाहेरच्या बाजूला उतार आणि खालच्या ट्रॅकला बाहेरून पाणी जायची भोकं, हे दोन्ही असेल तर डोमलसुद्धा टिकतं. भोकं तुम्ही सांगितल्याशिवाय पाडत नाहीत बरेचदा. माणसं साईटवर असतानाच ट्रॅकमध्ये बादलीभर पाणी ओतायला लावलं, डाव्या कोपऱ्यात साचून आत यायला लागलं, तिथल्या तिथे अजून दोन भोकं पाडली. जुलैमध्ये पडवी ओलीचिंब झाली पण हॉल कोरडा. मात्र त्या भोकांत मुंग्या माती भरतात, जुन्या टूथब्रशने साफ करावी लागतात.

न आवडलेलं पण आहे. जोराचा वारा असला की दोन पल्ले एकमेकांवर येतात तिथून शिट्टी वाजते, तिथल्या फटीतला ब्रश (केसाळ पट्टी) बदलून कमी झाली, गेली नाही. जाळीचा पल्ला हलका आणि फडफडणारा, घरातल्या पोराने दोनदा ट्रॅकवरून उतरवलाय. हँडलवर बारीक डाग आलेत. आणि काच इतकी स्वच्छ दिसते की माझे काका चहाचा कप घेऊन सरळ फिक्स बाजूतून बाहेर निघाले होते, कप गेला, काका बरे आहेत. आता डोळ्याच्या उंचीवर स्टिकरची पट्टी आहे.

फॅब्रिकेटर कामाला चोख, तारखेला कच्चा. गणपतीत माणसं मिळणार नाहीत हे कोकणात गृहीतच धरायचं, शिमग्यातही तेच, त्यामुळे ऑर्डर दिवाळीनंतर लगेच द्या म्हणजे पावसाच्या आत बसतं. पेमेंटचं म्हणाल तर पहिल्या मोठ्या पावसापर्यंत १० टक्के हातात ठेवायचे असं आधीच बोलून घेतलं होतं, तो कुरकुरला पण तयार झाला, आणि जूनमध्ये पाऊस लागल्यावर स्वतःच फोन करून विचारलं, दादा, आत पाणी येतंय का?