फॅक्स मशीन ठेवायचं की इंटरनेट फॅक्स घ्यायचा? खान्देशातल्या धंदेवाल्यांसाठी

दाणाबाजारातले सौदे व्हॉट्सॲपवर होतात, रावेर-सावद्याच्या केळीचा भाव मोबाइलवर ठरतो. मग फॅक्सचं काय काम, असं कोणीही विचारेल. काम थोडंच उरलंय, पण ज्याला लागतं त्याला लागतंच. जळगाव एमआयडीसीतून चटई किंवा पाइप बाहेरदेशी पाठवणारा कारखानदार, अमेरिकेतल्या दवाखान्यांचं बिलिंग करणारं छोटं ऑफिस, बँकेला सहीची पत्रं फॅक्सने देणारी जुनी पेढी: यांच्याकडे अजून पानं जातात-येतात. आणि फॅक्स हवाय की नको, हे ठरवतो समोरचा. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेने 2019 च्या जानेवारीपासून नवी फॅक्स मशीन घ्यायला बंदी केली. जपानने 2021 मध्ये मंत्रालयांतून फॅक्स काढायचं म्हटलं तर खात्यांकडूनच शेकड्याने हरकती आल्या. तुमचा ग्राहक कुठल्या गटातला, हे त्याला एक फोन करून विचारून घ्या. तो मेलवर पीडीएफ चालेल म्हणाला तर पुढचं वाचायची गरजच नाही.

फॅक्स लागतोच असं ठरलं, तर मशीन बघायच्या आधी टेलिफोनची तार बघा.

आज वापरात असलेल्या बहुतेक मशीनचा पाया 1980 साली ठरलेल्या ग्रुप 3 या पद्धतीचा. नंबर लागला की कूं-चर्र असा जो आवाज येतो, तो दोन मशीनचा वेगाचा वायदा असतो: सेकंदाला 9,600, 14,400 की नव्या मशीनवर 33,600 बिट. हे सगळं तांब्याच्या तारेसाठी बेतलेलं आहे. आता गावोगाव तांबं निघून फायबर येतंय, आणि लँडलाइनचा फोन मॉडेमच्या डब्याला लावतात. त्यात आवाजाचे तुकडे होऊन जातात. बोलताना एखादा तुकडा हरवला तर कानाला कळत नाही. फॅक्सचं मात्र अर्धं पान जातं आणि लाइन तुटते. "मशीन बिघडलं" म्हणून मेकॅनिकला बोलावणाऱ्या कितीतरी जणांचं मशीन ठणठणीत असतं. यावर टी.38 नावाची तोड 1998 पासून आहे, पण डब्याने आणि फोन कंपनीने दोघांनी ती दिली पाहिजे. नसेल तर मशीनच्या सेटिंगमध्ये वेग 9,600 वर आणा आणि ईसीएम, म्हणजे चूक-दुरुस्ती, बंद करून बघा. बऱ्याचदा एवढ्यावर गाडं चालतं. नाही चाललं, तर मशीनवर आणखी पैसे घालू नका.

इंटरनेट फॅक्समध्ये ही कटकट तुमच्या गळ्यातून निघून कंपनीच्या गळ्यात जाते. तुम्ही वेबसाइटवर किंवा मेलला जोडून पीडीएफ द्यायची, कंपनीचा सर्व्हर समोरच्याचा नंबर फिरवतो, एंगेज असेल तर पुन्हा फिरवतो आणि काय झालं ते मेलवर कळवतो. आलेला फॅक्स पीडीएफ होऊन मेलमध्ये पडतो. मालक सुरतेला गेलेला असला तरी मोबाइलवर बघतो. पण पान शेवटी फॅक्स म्हणूनच जातं, म्हणजे काळं-पांढरं आणि इंचाला साधारण दोनशे ठिपके. निळ्या शिक्क्याचा काळा डाग होतो, पेन्सिलचे आकडे गायब होतात. स्कॅन करताना काळं-पांढरं निवडून आधी स्वतः वाचून बघा.

कागदाची बाजू वेगळीच. थर्मल रोलचं मशीन स्वस्त, पण तो कागद उष्णतेनेच काळा होतो आणि दिवस गेले की अक्षरं उडतात. मे महिन्यात पत्र्याच्या गोडाऊनमध्ये फाइल ठेवणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. आलेल्या पानाची झेरॉक्स काढून तीच फाइलला लावावी. फिल्मच्या रोलचं मशीन साध्या कागदावर छापतं; त्यात एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. वापरलेली फिल्म उजेडात धरली की आलेलं प्रत्येक पान उलट्या रंगात वाचता येतं. भाव, खाते नंबर, सगळं. ती भंगारात तशीच जाते. जाळा किंवा बारीक कापा. तिकडे इंटरनेट फॅक्सवाल्याच्या सर्व्हरवर तुमची कागदपत्रं पडून राहतात, आणि मेलचा पासवर्ड ऑफिसातल्या चौघांना माहीत असला तर ते सगळं चौघांसमोर उघडंच.

पैशाचा हिशोब सरळ आहे. मशीनला लाइनचं भाडं, रोल किंवा टोनर आणि परदेशी पानाला आयएसडी. इंटरनेट फॅक्सला महिन्याचं भाडं आणि ठरलेल्या पानांवर गेलात की पानामागे पैसे. महिन्याला दहा-वीस पानं आणि तीही परदेशी असतील तर इंटरनेट फॅक्स स्वस्त पडतो. सगळं काम राज्यातच आणि लँडलाइनवर देशभर कॉल फुकट असतील, तर चालू मशीन विकायचं काही कारण नाही. भाडं भरण्याआधी एक विचारा: भारतातला नंबर देता का? अनेक परदेशी सेवांकडे अमेरिका-युरोपातलेच नंबर असतात. अमेरिकेच्या ग्राहकाला ते सोयीचं, पण धुळ्याहून कोणी फॅक्स करायचा तर त्याला आयएसडी लागेल.

बँकेचं काम असेल तर घाई नको. फॅक्सवरच्या सूचना पाळाव्यात म्हणून बँक हमीपत्र घेते, आणि त्यात कधी कधी तुमचा फॅक्स नंबरही लिहिलेला असतो. सेवा बदलली की समोर दिसणारा नंबर बदलतो आणि पत्र अडकतं. हमीपत्र आधी काढून वाचा, नवा नंबर लेखी कळवा. पोच दोन्हीकडे मिळते. मशीनच्या चिठ्ठीवरचं "ओके" काय किंवा मेलवरचा रिपोर्ट काय, पानं पोचली एवढंच सांगतात, कोणी वाचली हे नाही.

बदलायचंच ठरलं तर जुनी लाइन लगेच परत करू नका. बिलबुकावर, पाटीवर, जुन्या ग्राहकांच्या डायरीत तोच नंबर आहे. नवा छापलेला स्टॉक येईपर्यंत मशीन चालू ठेवा, त्यावर येणाऱ्या प्रत्येकाला नवा नंबर कळवा, आणि तिकडे काही येईनासं झालं की मगच लाइन बंद करायचा अर्ज द्या.