रेडिएशन विभाग एकदम चांगला, योजनेचं काउंटर सुधारा

आमच्या ह्यांना मेड्युलोब्लास्टोमा म्हणजे मेंदूचा एक कॅन्सर निघाला, वय ३४. हा खरं तर लहान मुलांचा ट्यूमर, मोठ्या माणसांच्या ब्रेन ट्यूमरमधे जेमतेम १ टक्का, त्यामुळे आधी दुसरीकडे सकाळची उलटी म्हणजे पित्त आणि डोकं दुखतंय म्हणजे मायग्रेन असंच चाललेलं, चालताना तोल जायला लागला तेव्हा कुठे एमआरआय झाला आणि लहान मेंदूत गाठ दिसली. ऑपरेशननंतर रेडिएशन आणि केमोसाठी इथे ह्या हॉस्पिटलमधे आलो.

रेडिएशनच्या मॅडमना मनापासून धन्यवाद. पहिल्याच दिवशी स्पष्ट बोलल्या की मोठ्या माणसात ही केस आमच्याकडे क्वचित येते, हवं तर फाईल घेऊन परळला टाटाला दाखवून या, मला अजिबात राग येणार नाही. एवढं कोण बोलतं हो! त्यांनी पूर्ण मणक्याचा एमआरआय केला, पाठीतलं पाणी (मेंदू आणि मणक्याभोवती असतं ते) तपासलं, कारण हा ट्यूमर त्या पाण्यातून खाली मणक्यात उतरू शकतो, म्हणून नुसत्या गाठीच्या जागेला रेडिएशन देऊन भागत नाही, अख्खा मेंदू आणि मणका ३६ ग्रे (ग्रे म्हणजे रेडिएशनचं माप) आणि मग गाठीच्या जागेला वाढवून ५४ पर्यंत, अशी ३० सिटिंग, सोमवार ते शुक्रवार. तुमच्या घरी कोणाला हाच आजार असेल तर मणक्याचं आधी विचाराच.

गरम पाण्यात मऊ केलेला जाळीचा मास्क तोंडावर दाबून बसवतात आणि तो टेबलाला लॉक करतात, ह्यांचा जीव घाबरायचा. टेक्निशियन मुलगा माईकवरून सारखा बोलत राहायचा, "दादा झालंच, हलू नका, आता टेबल सरकेल". घशाला जळजळ, जेवण बंद, रक्तातल्या पेशी खाली आल्या तेव्हा सिस्टरनी स्वतः फोन करून उद्या येऊ नका, परवा सीबीसी (रक्ताची तपासणी) करून या म्हणून सांगितलं.

केमोचे डॉक्टरही ऐकून घेणारे. विनक्रिस्टिनने ह्यांच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या, शर्टाचं बटण लावता येईना, ते सांगितल्यावर डॉक्टरांनी डोस लगेच कमी केला, म्हणाले मुलांना हे औषध जेवढं झेपतं तेवढं मोठ्यांना झेपत नाही. आणि मोठ्यांमधे हा आजार बऱ्याच वर्षांनीही परत येऊ शकतो म्हणून एमआरआय चुकवायचा नाही हे दोघांनाही बसवून समजावलं.

आता तक्रार. महात्मा फुले योजनेचं काउंटर. सिटिंग सकाळी साडेआठची आणि काउंटर उघडणार दहाला, पेशंट उलट्या करत बाकावर बसलेला आणि तेच रेशन कार्डचं झेरॉक्स परत परत मागायचं! आम्ही सिन्नरहून यायचो, नाशिकच्या द्वारका चौकातल्या ट्रॅफिकमधून. मॅनेजमेंटने हे वाचलं तर प्लीज त्या काउंटरवर आठ वाजता एक माणूस बसवा आणि कागदं एकदाच घेऊन फाईलला लावा.