हलगर्जीचे दावे: हॉस्पिटलच्या बाजूने की रुग्णाच्या?

इंग्लंडमध्ये सॉलिसिटर होऊन वैद्यकीय हलगर्जीच्या दाव्यांत शिरायचं ठरलं, की बाजू निवडावी लागते. कायदा दोन्हीकडे तोच: 1957ची बोलम कसोटी (इतर जबाबदार डॉक्टरांनाही ते उपचार मान्य असते का?), तिला 1997च्या बोलिथो निकालाने घातलेला लगाम (त्या डॉक्टरांचं मतही तर्काला धरून हवं) आणि संमतीसाठी 2015चा माँटगोमेरी निकाल (महत्त्वाचे धोके रुग्णाला आधी सांगायला हवेत). दिवस मात्र अगदी वेगळे जातात.

बचावाकडे, म्हणजे हॉस्पिटलच्या बाजूला, काम बहुतेक एकाच दारातून येतं. सरकारी आरोग्यसेवेच्या, म्हणजे एनएचएसच्या, हॉस्पिटलांचे दावे तिचंच दाव्यांचं खातं, एनएचएस रिझोल्युशन, हाताळतं आणि पॅनेलवरच्या ठरलेल्या फर्मना देतं. 1 एप्रिल 2019 पासूनच्या घटनांसाठी एनएचएसचे जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टरही त्याच छत्राखाली आले. खाजगी प्रॅक्टिससाठी एमडीयू, एमपीएस वगैरे डॉक्टरांचा बचाव करणाऱ्या संस्था आहेत. म्हणजे अशील शोधायची वणवण नाही, पण दराची घासाघीस करायलाही जागा नाही.

दाव्याचं पत्र आलं की 14 दिवसांत पोच आणि चार महिन्यांत सविस्तर उत्तर. ऐकायला भरपूर वाटतं. तोवर ज्युनियर डॉक्टर दुसऱ्या गावी गेलेला असतो, जुन्या फायली गोदामात असतात आणि चांगल्या तज्ज्ञाची तारीख मिळत नाही. खरी कसोटी डॉक्टरांच्या जबानीत लागते. ‘मला आठवतं’, ‘नोंदीत लिहिलंय’ आणि ‘माझी नेहमीची पद्धत अशी’ हे तीन धागे वेगळे ठेवले नाहीत, तर उलटतपासणीत सगळंच उसवतं. रात्री 2.10ची तपासणी सकाळी 6 वाजता लिहिली असेल, तर ते आपणच आधी सांगावं. संगणकीय नोंद कोणी, कधी टाइप केली याचा माग निघतोच.

बचाव म्हणजे रोज कोर्टात झुंज, ही समजूत घेऊन कोणी येऊ नये. निम्मं कौशल्य ‘इथे चूक झाली, पैसे द्या’ असं वेळेत लिहून देण्यात आहे. एप्रिल 2013 पासूनच्या खर्चाच्या नियमांमुळे बचाव जिंकला तरी दावेदाराकडून खर्च सहसा वसूल होत नाही. छोटा दावा लढवणं बरेचदा मिटवण्याहून महाग पडतं.

दावेदाराकडे पहिलं काम नकार देण्याचं. ‘जिंकलो तर फी’ पद्धतीत हरलेल्या फाइलचे तास फर्मच्या अंगावर येतात, म्हणून गाळणी कडक. चूक दिसते, पण त्या चुकीनेच इजा झाली हे सिद्ध होत नाही. बहुतेक आशा इथेच संपतात. जिंकल्यावरची जादा फी अशिलाला मिळालेल्या वेदनेच्या आणि आजवर झालेल्या नुकसानीच्या भरपाईतूनच, तीही 25 टक्क्यांपर्यंत. पुढच्या देखभालीच्या पैशाला हात लावता येत नाही. मुदत घटना कळल्यापासून तीन वर्षं, लहान मुलांना साधारण 21व्या वाढदिवसापर्यंत. जन्मावेळी मेंदूला इजा झालेल्या बाळाची फाइल वर्षानुवर्षं चालते आणि त्या घराशी नातं जुळतं. हे कुणाला बळ देतं, कुणाला पोखरतं.

महाराष्ट्रातून एलएलबी करून जाणाऱ्यांना दोन्हीकडे एसक्यूई या सॉलिसिटर होण्याच्या पात्रता-परीक्षेचे दोन टप्पे आणि दोन वर्षांचा अनुभव लागतो, जास्तीत जास्त चार ठिकाणी मिळून. त्यामुळे बाजू पक्की करायची घाई नको: एक वर्ष इकडे, एक तिकडे पॅरालीगल, म्हणजे वकिलाचा सहाय्यक, म्हणून काढता येतं. नोंदी वाचून मिनिटामिनिटाचा घटनाक्रम मांडायला आवडत असेल, तर सुरुवात बचावाकडे करावी.