शाळेला साहित्य द्यायचंय: स्वतः जावं, विद्यांजलीवरून द्यावं की संस्थेमार्फत?

उन्हाळी सुट्टीत नाशिकमधली कुटुंबं, मित्रमंडळं, सोसायट्या पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर तालुक्यांतल्या एखाद्या जिल्हा परिषद शाळेला साहित्य द्यायचं ठरवतात. त्यासाठी तीन वाटा आहेत: थेट शाळा गाठणं, केंद्र सरकारचं विद्यांजली पोर्टल, आणि देणगीदार व वर्ग जोडून देणारी संस्था. कोणती धरायची हे रकमेपेक्षा वस्तूवर ठरतं.

आधी काय देऊ नये ते पाहा. पहिली ते आठवीची पाठ्यपुस्तकं आणि गणवेश सरकारी योजनेतून मिळतात, त्यावर पैसे घालू नका. वह्यांचं तसं नाही. २०२३-२४ पासून पाठ्यपुस्तकांतच कोरी पानं जोडली जात होती. २०२५-२६ पासून ती बंद झाली. वही पुन्हा पालकाच्या खिशातून येते, आणि मजुरीवर चालणाऱ्या घरात दोन-तीन मुलांच्या वह्या हा जूनमधला मोठा खर्च असतो.

थेट शाळेत. वह्या, पेन्सिली, रंग, पाट्या अशा वापरून संपणाऱ्या वस्तूंसाठी आमची पसंती हीच. पण खरेदी यादी हातात आल्यावरच करा. मुख्याध्यापकांकडून इयत्तावार पट आणि वर्गशिक्षकाने केलेली मागणी घ्या. ‘२०० वह्या’ एवढ्यावर दुकानात गेलात, तर सरसकट एकरेघी दोनशे पानी वह्या येतात. पहिली-दुसरीला दुरेघी आणि चौकटीच्या, इंग्रजीला चाररेघी, चित्रकलेला कोऱ्या लागतात. चुकीच्या वह्या कपाटात पडून राहतात आणि मुलं जुन्या वह्यांची उरलेली पानं शिवून वापरतात.

३० मुलांच्या वर्गाला प्रत्येकी ६ म्हणजे १८० वह्या, १५ डझन. दोनशे पानी मोठ्या वहीचं वजन साधारण पाव किलो धरलं तरी ४५ किलो होतात. दुचाकीवर हे काम होत नाही. सगळ्या एकदम देऊ नका. जूनमध्ये ४ आणि दिवाळीनंतर २ द्या. पहिल्या वह्या तोवर भरतात, शिवाय जूनमध्ये प्रवेश चालू असल्याने पट बदलतो. म्हणून ३० च्या पटाला ३३ चा हिशेब धरा. दिवाळीनंतर बरीच कुटुंबं द्राक्षबागांच्या कामाला दिंडोरी, निफाडकडे उतरतात, तेव्हा दुसऱ्या फेरीआधी पट पुन्हा विचारा.

जूनच्या पावसात नाशिक-पेठ रस्त्यावरच्या सावळघाटातून उघड्या पिकअपमध्ये नेलेले खोके खालून भिजतात. वह्या आधी जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून मग खोक्यात भरा आणि शाळेत कोरडी खोली कोणती, तेही विचारून ठेवा. बिल शाळेच्या नावाने घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून वह्या आणि पेन्सिलींवर जीएसटी शून्य आहे, बिलात तो लावलेला नाही ना ते बघा. साहित्याची साठा नोंदवहीत नोंद होऊन मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याची पोच मिळाली पाहिजे. शाळा व्यवस्थापन समितीला आधी कळवलं तर वाटपाच्या दिवशी पालकही येतात. मुलांना रांगेत उभं करून, हातात वही देऊन फोटो काढणं कृपया टाळा.

विद्यांजली. कपाट, प्रोजेक्टर, वॉटर फिल्टर, बाक अशा टिकाऊ वस्तूंसाठी ही वाट चांगली. मोबाइल क्रमांकाने नोंदणी करायची, जिल्हा आणि तालुका निवडायचा, शाळेने टाकलेली मागणी पाहून तयारी कळवायची. होकार शाळा देते. इथे पैसे घेतले जात नाहीत, फक्त वस्तू किंवा सेवा. शाळेचा यूडायस क्रमांक, म्हणजे सरकारी नोंदीतला ओळख क्रमांक, ११ अंकी असतो आणि नाशिक जिल्ह्यात तो २७२० ने सुरू होतो. एकाच नावाच्या दोन शाळांत गफलत होऊ नये म्हणून तो जुळवून पाहा. अडचण एवढीच की रेंज नसलेल्या पाड्यावर पोर्टल रोज उघडलं जात नाही. मागणी जुनी असू शकते, म्हणून ती अजून आहे का हे शाळेला फोन करून विचारा.

संस्थेमार्फत. अमेरिकेत ब्राँक्समधले शिक्षक चार्ल्स बेस्ट यांनी २००० साली सुरू केलेली डोनर्सचूज ही संस्था या पद्धतीचं ठळक उदाहरण आहे: शिक्षक वर्गाची गरज मांडतो, देणगीदार ती निवडतो, संस्था वस्तू विकत घेऊन शाळेत पोहोचवते, शिक्षकाच्या हाती रोख जात नाही. ती फक्त अमेरिकेतल्या शाळांसाठी आहे, त्यामुळे परदेशातल्या मुलीने तिथून पैसे भरले तर ते सुरगाण्याला येणार नाहीत. इथली संस्था निवडताना हीच साखळी तपासा. यादी शिक्षकाची की संस्थेचं ठरलेलं किट? शंभर रुपयांतले वाहतूक आणि व्यवस्थापनाला किती? पोच शाळेच्या शिक्क्याची की नुसता फोटो? ठरलेलं किट सोपं असतं, पण त्यात पहिलीच्या मुलालाही कंपास निघतो.

करसवलत हवी असेल तर ही एकच वाट. ८०जी म्हणून ओळखली जाणारी देणगीवरची आयकर वजावट फक्त पैशांच्या देणगीवर, जुन्या कररचनेत आणि नोंदणीकृत संस्थेला दिल्यावर मिळते. वस्तूंवर नाही, आणि २,००० रुपयांवरच्या रोख देणगीवरही नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या नातेवाइकाचे पैसे घ्यायला संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी घेण्याच्या कायद्याखालची, नोंदणी लागते. भारतीय पासपोर्ट असलेल्याने आपल्या बचतीतून दिलेले पैसे त्यात मोडत नाहीत.

एका वर्गाच्या वह्या असतील आणि एक दिवस मोकळा असेल तर स्वतः जा. पाच-सहा शाळा घ्यायच्या असतील, किंवा देणारे पुण्या-मुंबईत विखुरलेले असतील, तर संस्थाच बरी. एवढ्या याद्या गोळा करणं घरबसल्या जमत नाही. वेळ अगदीच कमी असेल तर नाशिक महापालिकेच्या शाळा जवळ आहेत, तिथेही यादी मागूनच सुरुवात करा. आणि कोणत्याही वाटेने गेलात तरी मागणी मेच्या मध्यापर्यंत पक्की करा, कारण जूनच्या पहिल्या आठवड्यात घाऊक दुकानांत दुरेघी आणि चौकटीच्या वह्याच आधी संपतात.